सॅन फ्रान्सिस्कोचं टर्मिनल, २६७ बेअरिंग आणि बोरामणीचा कागदी हिशोब

आमच्या ऑफिसात शनिवारी संध्याकाळी साइटचे फोन थंडावले की कुठलीतरी एक बिल्डिंग घ्यायची आणि तिची चिरफाड करायची असा उद्योग चालतो. ऑफिस म्हणजे सात रस्त्याजवळ दोन खोल्या, तीन ज्युनिअर पोरं आणि मूड असला तर चालणारा एक प्लॉटर. यावेळी घेतलं सॅन फ्रान्सिस्को विमानतळाचं इंटरनॅशनल टर्मिनल, आणि अट अशी घातली की नुसतं वा वा करायचं नाही, तीच बिल्डिंग उद्या सोलापूरजवळ बोरामणीला बांधायची म्हटली तर काय ठेवणार आणि काय काढणार ते आकड्यात सांगायचं. बोरामणीचं मोठं विमानतळ माळढोकच्या वनजमिनीपाशी अडकलंय हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, सध्या होटगी रोडच्या विमानतळावर भागतंय आणि त्याच्यासाठी पण २०२३ मधे सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडावी लागली, तो सगळा किस्सा अजून ताजा आहे. तेव्हा हे कागदावरचं विमानतळ. कागदावर भूकंप फुकट मिळतो हा त्यातला फायदा.

आधी मूळ प्रकरण. टर्मिनल डिसेंबर २००० मधे उघडलं, डिझाइन एसओएम म्हणजे स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या अमेरिकन फर्मचं. जागा बघितली तर कुठलाही शहाणा माणूस म्हणेल इथं नको बाबा. खाडीत भराव टाकून तयार केलेली जमीन, खाली मऊ चिखलासारखी क्ले, आणि सॅन अँड्रिआस फॉल्ट, म्हणजे जिच्यावर भूकंप होतात ती जमिनीतली भेग, पाच किलोमीटरच्या आत. त्याच फॉल्टवर १८ एप्रिल १९०६ चा भूकंप झाला, ७.९ च्या आसपासचा, त्यानं शहराची मोडतोड केली आणि त्याहून कितीतरी जास्त भाग नंतरच्या आगीनं खाल्ला. मग १७ ऑक्टोबर १९८९ ला लोमा प्रिएटा, ६.९ चा, केंद्र शहरापासून शंभरेक किलोमीटर लांब, तरी खाडीपलीकडच्या ओकलंड विमानतळाच्या मुख्य रनवेचा जवळजवळ एक किलोमीटर तुकडा खराब झाला. कारण लिक्विफॅक्शन, म्हणजे पाण्यानं भरलेली सैल रेती हादऱ्यात काही सेकंद द्रवासारखी वागते, तिच्यावरचं डांबर-काँक्रीट फाटतं आणि भेगांतून रेतीच वर येते.

त्यात अजून एक अडचण. मोकळा प्लॉट नव्हताच, विमानतळात शिरणारे मुख्य रस्ते चालू ठेवून त्यांच्याच डोक्यावर टर्मिनल बांधायचं होतं. म्हणून कॉलम हवा तिथं टाकता येत नाही, रस्ता जिथं परवानगी देईल तिथंच. त्यातून ते छप्पर आलं, पंख पसरल्यासारखे स्टीलचे ट्रस, दोन्ही बाजूंनी कॅन्टिलिव्हर काढून मधला भाग त्यांच्या टोकांवर टेकवलेला, आणि मधला गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, शंभर मीटरच्या वर. फोटोत आर्किटेक्टची हौस वाटते खरी, पण खालचा रस्ता बघितला की पटतं की बरंचसं छप्पर रस्त्यानंच ठरवलंय.

आता मुद्द्याचं. मालकाने, म्हणजे विमानतळाने, डिझाइनरला सांगितलेली गरज अशी की सॅन अँड्रिआसवर ८ रिश्टरच्या घरातला भूकंप आला तरी टर्मिनल चालू राहिलं पाहिजे. पडलं नाही पाहिजे असं नव्हे, चालू राहिलं पाहिजे. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महाग वाक्य हेच. २६७ बेअरिंग, म्हणजे कॉलमखालचे सरकते आधार, वगैरे नंतर आली, ती या वाक्याची पोरं आहेत. आणि आमच्या पोरांना हेच समजावायला सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण आपल्याकडे डिझाइन सुरू होतं ते भूकंपाचा झोन कुठला या प्रश्नापासून, भूकंपानंतर या बिल्डिंगने काय करायचंय हे कुणी विचारतच नाही.

आरचा पाच

आपल्या कोडचं गणित घ्या. भूकंपाचं कोड आयएस १८९३, त्याची २०१६ ची आवृत्ती, सोलापूर झोन तीन, झेड म्हणजे झोनचा आकडा ०.१६. विमानतळ म्हटल्यावर इम्पॉर्टन्स फॅक्टर, म्हणजे इमारतीच्या महत्त्वाचा आकडा आय, १.५, कोडमधे हॉस्पिटल, फायर स्टेशन यांच्या यादीत एअरपोर्ट नाव घालूनच दिलंय. डक्टाइल, म्हणजे वाकेल पण एकदम तुटणार नाही अशी, फ्रेम केली तर आर ५, हा जोराला भागायचा आकडा. बुटक्या ताठ बिल्डिंगला एसए बाय जी, म्हणजे हादरा बिल्डिंगमधे किती पट वाढतो ते, २.५. आता झेड बाय दोन गुणिले आय बाय आर गुणिले २.५, उत्तर ०.०६. म्हणजे बिल्डिंगच्या वजनाच्या सहा टक्के आडवा जोर, संपलं डिझाइन.

यावर एका पोराने लगेच डोकं चालवलं. सर, फ्रिक्शन बेअरिंगचं घर्षण पाचेक टक्के धरतात ना, मग आपल्याकडे जोरच सहा टक्के, ती बेअरिंग जेमतेमच हलतील की, कशाला पैसे घालायचे? प्रश्न हुशार आहे, उत्तर चुकीचं आहे, आणि का चुकीचं हे कळलं की अर्ध भूकंपशास्त्र कळलं. ते ०.०६ जे आलंय ते पाचने भागून आलंय. आर काढून टाका, ०.३ होतं, वजनाच्या तीस टक्के. बिल्डिंग इलास्टिक राहिली, कुठं काही वाकलं तुटलं नाही, तर तिच्यावर तेवढा जोर येणार. आपण डिझाइन करतो सहाला. मधले चोवीस टक्के कुठं जातात? बीमच्या टोकाला सळई यील्ड होते म्हणजे कायमची ताणली जाते, तिच्यावरचं काँक्रीटचं कव्हर उडतं, भेगा पडतात, त्यात ती ताकद खर्च होते. म्हणजे आर ५ घेतला याचा सरळ अर्थ बिल्डिंगला मार खायची परवानगी आपण सहीनिशी दिली. घराला हे चालतं, माणसं जिवंत बाहेर आली, नंतर दुरुस्ती करू. पण भूकंपानंतर दुसऱ्या दिवशी जिथं मदतीची विमानं उतरायची, त्या इमारतीच्या बीमची टोकं फुटलेली असतील तर तिथं कोण माणसं घेणार? इम्पॉर्टन्स फॅक्टर दीड केला म्हणून हा प्रश्न सुटत नाही, तो थोडा मागे सरकतो फक्त.

आणि तो आर ५ सुद्धा कागदावर मिळतो, साइटवर तो कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगेच्या हुकात असतो. आयएस १३९२० म्हणतं हुक १३५ अंशात वाकवून आतल्या काँक्रीटमधे गेला पाहिजे. आपल्या कुठल्याही साइटवर जाऊन सळई बांधणाऱ्या मामांना विचारा, ते सांगतील, "होतंय की ओ साहेब, नव्वदलाच घालतो, काँक्रीट ओतल्यावर कोण बघतंय." कव्हर उडालं की नव्वदचा हुक उघडतो, रिंग सुटते, मधल्या सळया बाहेर फुगतात. मग आर पाच नाही, दोन म्हणा, अडीच म्हणा.

म्हणून सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांनी वेगळी वाट धरली. मार खाऊन टिकायचं नाही, मार बिल्डिंगपर्यंत पोचूच द्यायचा नाही.

हळू डुलणं

सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज बघितलेत ना, ते उंच काठीचं वरचं टोक कसं डुलतं, आणि धरणारा अनुभवी असेल तर त्या डुलण्याच्या लयीत पाय टाकतो, लय सोडून झटका दिला तर काठी वर जवळजवळ जागच्या जागी राहते. बिल्डिंगचंही असंच, प्रत्येकीची एक स्वतःची लय असते, तिला पिरियड म्हणतात. दोन-तीन मजली ताठ बिल्डिंगची लय अर्ध्या सेकंदाच्या आत, आणि बहुतेक भूकंपांची जास्तीत जास्त ताकद नेमकी त्याच पट्ट्यात. सगळा खेळ एवढाच की बिल्डिंगची लय तीन सेकंदापर्यंत ताणायची, म्हणजे खालून जमीन कितीही झटके देऊ दे, वरची बिल्डिंग तिच्या नादाला लागत नाही.

त्यासाठी २६७ कॉलमच्या खाली २६७ फ्रिक्शन पेंड्युलम बेअरिंग. व्हिक्टर झायस या इंजिनिअरने १९८५ मधे काढलेला प्रकार. खाली स्टेनलेस स्टीलची गुळगुळीत, किंचित खोलगट मोठी थाळी, तिच्यावर टेफ्लॉनसारख्या लेपाचा स्लायडर, स्लायडरवर कॉलम. जमीन सरकली की थाळी सरकते, स्लायडर तिच्या उतारावर थोडा चढतो, वजनानं परत मधे येतो, आणि सरकताना घर्षणात ताकद जळते. या टर्मिनलला कुठल्याही दिशेला वीस इंच म्हणजे साधारण अर्धा मीटर सरकायची मुभा ठेवलीय. बिल्डिंगवरचा जोर त्यामुळे सत्तरेक टक्क्यांनी घटतो. उघडलं तेव्हा बेस आयसोलेशनवर, म्हणजे जमिनीपासून असं सुटं करणाऱ्या आधारांवर (आयसोलेटर), उभी असलेली ही जगातली सगळ्यात मोठी इमारत होती.

गणितात मला आवडलेली गोष्ट अशी की या बेअरिंगचा पिरियड बिल्डिंगच्या वजनावर अवलंबूनच नाही. लंबकाचं शाळेतलंच सूत्र, दोन पाय (π) गुणिले वर्गमूळात त्रिज्या भागिले जी. तीन सेकंद हवेत? मग थाळीची त्रिज्या सव्वादोन मीटरच्या आसपास येते, झालं. टर्मिनलला याचा फार उपयोग, कारण टर्मिनल ही इमारत म्हणून भयंकर बेशिस्त असते, एका बाजूला पंधरा-वीस मीटर उंच रिकामा हॉल, दुसऱ्या बाजूला ऑफिसांचे मजले, खाली बॅगेजच्या मशिनरी, सुट्टीच्या दिवशी माणसांचा पूर आणि मंगळवारी दुपारी शुकशुकाट. वजन एका बाजूला, ताठपणा दुसऱ्या बाजूला, अशी इमारत भूकंपात पिळवटते, आणि पिळवटलेली इमारत कोपऱ्यातले कॉलम आधी खाते. इथं उलट होतं, ज्या कॉलमवर जास्त वजन तिथल्या बेअरिंगचा परत ओढणारा जोरही त्याच प्रमाणात जास्त, घर्षणही जास्त, म्हणून जोराचं केंद्र आपोआप वजनाच्या केंद्राखाली येऊन बसतं. रबरी बेअरिंगला ही सोय अशी आयती मिळत नाही, तिथं प्रत्येकाचा ताठपणा मोजूनमापून जुळवावा लागतो.

पोरांना फळ्यावर अजून एक काढायला लावलं. अर्धा मीटर सरकल्यावर स्लायडर थाळीवर किती वर चढतो? सरकण्याचा वर्ग भागिले दुप्पट त्रिज्या, साडेपाच ते सहा सेंटिमीटर. म्हणजे पूर्ण टर्मिनल, छप्पर, काचा, माणसं, बॅगा सगळ्यासकट सहा सेंटिमीटर वर उचललं जाऊन परत खाली येतं. पाइप जोडणाऱ्याने हे विसरून चालत नाही, त्याचा पाइप आडवा अर्धा मीटर तर वाकला पाहिजेच, वर सहा सेंटिमीटर पण ताणला पाहिजे.

वाऱ्याचं काय, असं विचारलं एकाने, एवढी सरकती बिल्डिंग वादळात हलत बसेल की. नाही, ते पाच टक्के घर्षण इथं कामाला येतं, वारा बिल्डिंगच्या वजनाच्या मानाने तेवढा जोर लावतच नाही, बेअरिंग चिकटून राहतं. भूकंप आला तरच सुटतं.

आता या प्रकरणातला खरा धोका, जो कौतुकाच्या लेखात सहसा येत नाही. पिरियड ताणायचा ही युक्ती कडक जमिनीवर झकास चालते. मऊ जमीन मात्र स्वतःच हळू डुलते. १९ सप्टेंबर १९८५ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात हेच झालं, केंद्र साडेतीनशे-चारशे किलोमीटर लांब, पण शहर जुन्या तळ्याच्या गाळावर, गाळाची लय दोन सेकंदाच्या आसपास, आणि त्या लयीशी जुळणाऱ्या मधल्या उंचीच्या बिल्डिंगा रांगेनं गेल्या, बुटक्या बऱ्याच वाचल्या. सॅन फ्रान्सिस्कोची जमीन पण मऊच. तिथं कोडमधला तयार ग्राफ उचलून आयसोलेटर लावला तर तुम्ही बिल्डिंग संकटापासून लांब नेताय की संकटाच्या मिठीत हे कळायला मार्ग नाही. म्हणून अशा ठिकाणी त्या जागेच्या मातीचा वेगळा अभ्यास, त्या मातीतून वर येणाऱ्या हादऱ्यांच्या नोंदी आणि बिल्डिंगचं टाइम हिस्टरी अॅनालिसिस, म्हणजे त्या हादऱ्यांत ती क्षणाक्षणाला कशी हलते याचं गणित, याला पर्याय नसतो. आमच्याकडे सॉइल रिपोर्ट म्हणजे दोन बोअर आणि एसबीसीचा, म्हणजे माती किती वजन पेलते त्याचा, एक आकडा, त्यावर हे काम होणार नाही.

चर आणि विजापूर रोडचा मसाला

बिल्डिंग अर्धा मीटर सरकणार म्हटल्यावर तिच्याभोवती तेवढी मोकळी जागा लागते, तिला मोट म्हणतात, आपण चर म्हणू. चराच्या अलीकडे जमीन, पलीकडे बिल्डिंग, आणि टर्मिनल तर शेजारच्या उड्डाणपूल, गेटच्या इमारती, मेट्रो यांना जोडलेलं असतं, सॅन फ्रान्सिस्कोत २००३ मधे बार्टची रेल्वे थेट इंटरनॅशनल टर्मिनलपर्यंत आली. असा प्रत्येक सांधा हलता लागतो. वरून सरकत्या प्लेटा, लिफ्टचा खड्डा जमिनीत न रोवता वरच्या बिल्डिंगला टांगलेला, पाण्याच्या आणि गॅसच्या लाइनीला लवचिक तुकडे, केबलला सैल वळसे. जिन्याची शेवटची पायरी जमिनीला चिकटवली तरी तो जिना भूकंपात तुटतो.

आणि इथं मला आपल्याकडची खरी भीती वाटते. मागं विजापूर रोडला एका बांधकामावर गेलो होतो, नाव-गाव नको, दोन विंगमधे जॉइंट दाखवला होता ड्रॉइंगमधे, चांगला पंच्याहत्तर मिलिमीटरचा. साइटवर बघतो तर सेंट्रिंग करताना मधे थर्माकोल घातलेला, तो जागोजाग वितळून आणि दाबून पातळ झालेला, आत खडी-मसाला पडून दगडासारखा बसलेला, आणि वरून गवंड्याने सिमेंटचा मसाला भरून घोटून घोटून असा सफाईदार केला होता की जॉइंट शोधायला मला ड्रॉइंग काढावं लागलं. सुपरवायझर कौतुकाने म्हणाला, सर बघा, भेग दिसतच नाही. टिकावानं तो मसाला फोडायला लावला तेव्हा गवंडी माझ्याकडे असा बघत होता जणू मी त्याच्या देव्हाऱ्याला हात लावला.

साध्या डक्टाइल फ्रेमला सुद्धा हा जॉइंट केवढा लागतो बघा. दोन शेजारच्या भागांची डिझाइन जोरात तीस-तीस मिलिमीटर हालचाल येत असेल तर कोड म्हणतं बेरीज करून आरनं गुणा, साठ गुणिले पाच, तीनशे मिलिमीटर. मजले एका पातळीला असतील तर निम्मं. म्हणजे आयसोलेटर नको म्हटलं तरी टर्मिनल आणि गेटकडच्या इमारतीत हातभर सांधा ठेवावाच लागतो, आणि तो पुढची पन्नास वर्षं रिकामा राहिला पाहिजे. मसाला नाही, टपरी नाही, एसीच्या आउटडोअर युनिटचा स्टँड नाही.

फ्रेम उभी, विमानतळ बंद

२७ फेब्रुवारी २०१० ला चिलीत ८.८ चा भूकंप झाला. सांतियागोच्या विमानतळ टर्मिनलचा सांगाडा उभा राहिला, कॉलम-बीमला नाव ठेवायला जागा नाही. पण फॉल्स सीलिंग खाली, एसीचे डक्ट खाली, पाण्याचे पाइप फुटलेले, आणि टर्मिनल काही दिवस बंद, प्रवाशांची सोय बाहेर तंबू ठोकून करायची वेळ आली. जपानमधे २०१६ ला कुमामोतो विमानतळाचं टर्मिनल पण सीलिंग वगैरेच्या नुकसानीनं बंद ठेवायला लागलं. मला वाटतं कुठल्याही टर्मिनलच्या मीटिंगमधे स्ट्रक्चरल इंजिनिअरपेक्षा सीलिंगच्या ठेकेदाराला आधी बोलवावं, आणि हे मी चेष्टेनं म्हणत नाहीये.

आपल्या मंगल कार्यालयांत वर बघा कधीतरी. जीआय तारेनं टांगलेलं सीलिंग, तिरपा आधार एक पण नाही, कडेनं भिंतीला घट्ट चिकटवलेलं. खाली काठीनं ढोसलं तरी पूर्ण पट्टा हलतो. स्प्रिंकलरचं डोकं सीलिंगच्या भोकातून बाहेर आलेलं, सीलिंग एका लयीत हलणार, पाइप दुसऱ्या, डोकं तुटलं की वरून पाणी. तिरपे ब्रेस, कडेला सरकायला जागा, पाइप झुलू नये म्हणून स्वे ब्रेस, काचेच्या फ्रेममधे खेळ, यात कुठलंही रॉकेट सायन्स नाही, फक्त ते कुणाच्या बिलात येतं हे ठरलेलं नसतं. सिव्हिलवाला म्हणतो इंटिरिअरचं, इंटिरिअरवाला म्हणतो माझ्या बीओक्यूत, म्हणजे कामांच्या यादीत, नाही.

आता बोरामणी

इथं जरा गंभीर व्हायला हवं, कारण सोलापूरला भूकंपाचा विषय थट्टेचा नाही. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनानंतरची पहाट, चारला चार मिनिटं कमी. किल्लारी सोलापूरहून सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. भूकंप ६.२ चा, जगाच्या हिशोबाने मध्यम, पण खूप उथळ, आणि वर माळवदाची घरं, जाड दगड-मातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचं ओझं. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यावेळच्या नकाशात तो भाग झोन एकमधे होता, म्हणजे सगळ्यात सुरक्षित रंगात. २००२ च्या आवृत्तीत झोन एक काढूनच टाकला आणि तो पट्टा तीनमधे गेला. त्यामुळे झोन तीन म्हणजे फार काही नाही असं कुणी म्हटलं की मी हा नकाशा समोर ठेवतो.

तरी मी बोरामणीच्या टर्मिनलला सॅन फ्रान्सिस्कोसारखे आयसोलेटर सुचवणार नाही. कारण असं. आपल्याकडे साधारणपणे वर काळी माती, मग मुरूम, आणि फार खोल न जाता काळा पाषाण. पाया मुरमात किंवा पाषाणात नेला की जमीन कडक, मऊ मातीचं मेक्सिकोवालं लफडं नाही. कोडचा ग्राफ धरून तीन सेकंदाच्या बेअरिंगची हालचाल काढली तर डिझाइन भूकंपात, म्हणजे कोड ज्याच्यासाठी बिल्डिंग बसवतं त्यात, नऊ-दहा सेंटिमीटर, मोठ्या भूकंपात त्याच्या दुप्पट. तिकडे अर्धा मीटर, इकडे वीतभर. म्हणजे आयसोलेटर इथं छानच चालतील, उलट तिकडच्यापेक्षा सोपे पडतील, पण ज्या जोरासाठी एवढा चर, एवढे हलते सांधे आणि जन्मभराची देखभाल अंगावर घ्यायची तो जोर इथं चांगल्या डक्टाइल फ्रेमने पेलता येतो. आणि चराची देखभाल आपण कशी करतो ते वर लिहिलंच आहे. मसाला भरलेला चर असलेली आयसोलेटेड बिल्डिंग साध्या बिल्डिंगपेक्षा वाईट.

ज्युनिअरपैकी एकजण शेवटपर्यंत ऐकला नाही. त्याचं म्हणणं, इस्तंबूलच्या सबिहा ग्योकचेनला २००९ मधे तीनशेच्या आसपास ट्रिपल पेंड्युलम बेअरिंग लावून टर्मिनल केलं, त्यात आपली जीएमआर कंपनी पण भागीदार होती, मग आपल्या लोकांना जमत नाही असं कसं म्हणता? मुद्दा बरोबर. ती बेअरिंग पण भारी, एकात एक थाळ्या, छोट्या हादऱ्याला आतला स्लायडर, मोठ्याला बाहेरचे. पण तिथं मारमारा समुद्राखालून उत्तर अनातोलियन फॉल्ट जातो, १९९९ च्या इझमितच्या भूकंपात सतरा हजारांवर माणसं गेलेली, तिथं साडेसातच्या वरच्या भूकंपासाठी डिझाइन करायचं होतं. गुवाहाटी किंवा पोर्ट ब्लेअरचं टर्मिनल असतं, झोन पाच, झेड ०.३६, तर मी पण त्याच्याच बाजूने बोललो असतो.

मग बोरामणीला पैसे कुठं घालायचे? छपरात, कारण लांब गाळ्याच्या ट्रसला आणि कॅन्टिलिव्हरला उभा हादरा नडतो, आणि उथळ, जवळच्या भूकंपात उभा हादरा जोरदार असतो. कोडमधे झोन तीनला उभा जोर सरसकट नाही, पण लांब गाळा असेल तर घ्यायला सांगितलाय, तो आडव्याच्या दोन तृतीयांश धरून घ्यायचाच. शिवाय आपला उन्हाळा. शंभर मीटरचा स्टीलचा ट्रस तीस अंशाच्या फरकात छत्तीस मिलिमीटर लांबतो, म्हणून एका टोकाला सरकतं बेअरिंग लागतंच, आणि तेच बेअरिंग भूकंपात ट्रसला खाली पडू द्यायचं नाही, त्याला स्टॉपर हवा. उन्हासाठी मोकळं आणि भूकंपासाठी अडवलेलं, हे एकाच सीटमधे बसवणं हे बोरामणीच्या डिझाइनचं खरं डोकेदुखीचं काम असेल, आयसोलेटर नाही.

काचेचं पण तसंच. आठ मीटर उंच मजल्याला कोड ०.००४ नं ड्रिफ्ट, म्हणजे मजल्याचं आडवं सरकणं, देतं, म्हणजे बत्तीस मिलिमीटर, पण ते सहा टक्के जोराला. खऱ्या हादऱ्यात त्याच्या पाचपट धरा, सोळा सेंटिमीटर. काचेची फ्रेम एवढी तिरकी होणार असेल तर काच खाली येणार, आणि टर्मिनलला काच म्हणजे काही कमी नसते. म्हणून फ्रेम कोडच्या मर्यादेपेक्षा निम्म्या ड्रिफ्टला बसवायची, कॉलम थोडे जाड होतील, होऊ दे. एटीसी म्हणजे विमानांच्या वाहतूक नियंत्रणाचा टॉवर वेगळा, तिथं मात्र मी हात आखडणार नाही. इंडोनेशियातल्या पालूत २०१८ च्या भूकंपात टॉवरमधला कंट्रोलर अँथोनियस गुनावान अगुंग शेवटचं विमान उडेपर्यंत थांबला, मग उडी मारायची वेळ आली आणि जीव गेला. टॉवरच्या वरच्या खोलीतली उपकरणं आयसोलेटेड फ्लोअरवर, आणि जिना टॉवरच्या भिंतीतून सुटा हलेल असा.

रनवेचं काम आमचं नाही तरी एक ओळ लिहायची. फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कस्तानच्या भूकंपात हाताय विमानतळाचा रनवे मधोमध फाटला, ते विमानतळ सुकवलेल्या तळ्यावर बांधलेलं, आठवड्याभरात दुरुस्त केला म्हणून मदतीची विमानं उतरली. आपल्याकडे तळं नाही, पण काळी माती फुगते-आकसते, ती काढून मुरूम भरल्याशिवाय ना रनवे ना टर्मिनलची फरशी.

शेवटी डिझाइन बेसिसचा एक पानी कागद तयार झाला. पहिल्या ओळीत झोन नाही, पहिल्या ओळीत डिझाइन भूकंपानंतर चोवीस तासांत देशांतर्गत आगमनाचा हॉल उघडला पाहिजे असं लिहिलंय. पूर्ण टर्मिनल नाही, एक हॉल. तेवढा भाग आर ३ धरून बसवायचा, डिटेलिंग मात्र पाचचंच, त्याचं सीलिंग उघडं ठेवायचं, वर पाइप दिसले तर दिसू देत. आर्किटेक्ट नाक मुरडणार हे गृहीत आहे. शेवटच्या ओळीत सांध्यांची यादी, प्रत्येकाचा नंबर, रुंदी आणि दरवर्षी मे महिन्यात सळई आत घालून तो रिकामा आहे का बघायची जबाबदारी कुणाची ते. त्या रकान्यात अजून कुणाचं पद लिहिलेलं नाही, त्यावर पुढच्या शनिवारी भांडू.